देवी टोचणारा आला की पोरं का लपवायचे? खान्देशातल्या जुन्या साथींबद्दल माहिती हवी आहे

शिरपूरचा_मास्तर

राम राम मंडळी. मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. सातवीच्या पोरांकडून गावाचा इतिहास गोळा करून घेतोय, म्हणजे म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, विचारायचं आणि ते सांगतील तसं वहीत उतरवायचं. राजे-लढाया सोडून पोरांनी रोगराईबद्दलच जास्त लिहून आणलं, कारण म्हातारी माणसं तेच जास्त सांगतात.

एक गोष्ट सगळ्या वह्यांमध्ये आहे. देवी टोचणारा डॉक्टर गावात आला की बाया पोरं घेऊन वावरात पळायच्या, कोणी पोराला कणगीत बसवून वरून गोधडी टाकायचं. हे सांगणाऱ्या आजीच्या स्वतःच्या दंडावर दोन गोल वण आहेत, म्हणजे ती शेवटी सापडलीच होती. दुसरी गोष्ट प्लेगाची, ती त्यांनी आई-बापाकडून ऐकलेली. घरात उंदीर मरून पडला की गाव खाली करायचं आणि वावरात झोपड्या घालून राहायचं. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे ते पण सांगतात.

आता आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणतात की यात काय एवढं, लोक अडाणी होते, अंधश्रद्धाळू होते म्हणून लसीला भ्यायचे, असं एक वाक्य लिहा आणि पुढे चला. मला ते पटत नाहीये पण उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही. इंग्रजांच्या काळात नेमकं काय काय झालं की लोक एवढे बिचकले? आणि लोकांच्या स्वतःच्या उपायांत काही दम होता का? आपल्या भागातलं कोणाकडे काही असेल तर जरूर सांगा.

तापीकाठ

सर, विषय फार चांगला घेतलाय. सहकाऱ्यांचं ते वाक्य तेवढं वहीत जाऊ देऊ नका. मी अमळनेरला बरीच वर्षं इतिहास शिकवला, मला जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढं लिहितो.

आधी देवीचं. मुंबईत पहिली लस १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली. ती लस बाटलीतून आलेली नव्हती. बर्फ नाही, फ्रिज नाही, तर लस जिवंत कशी ठेवायची, तर माणसाच्या अंगावर. एका पोराच्या दंडात टोचायचं, आठवडाभराने फोड पाण्याने टम्म भरला की त्याच पोराला पुढच्या ठिकाणी न्यायचं, फोड सुरीने उघडायचा आणि त्यातलं पाणी दुसऱ्या पोरांच्या दंडात घालायचं. बगदाद, बसरा करत मुंबईला ती अशीच अंगावरून अंगावर आली आणि मुंबईतून पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत तशीच गेली. आणि फोड उघडायला न्यायचं ते पोर बहुतेक वेळा गरिबाघरचं. आता त्या आईच्या जागी बसून बघा. आपलं तापाने फणफणलेलं लेकरू परक्या माणसाने मांडीवर घ्यायचं, त्याचा दुखरा फोड उघडायचा आणि त्यातलं काढून कोणा अनोळखी पोराच्या अंगात घालायचं. लेकराची ताकद काढून नेतात असं तिला वाटलं तर त्यात अडाणीपणा कसला? शिवाय या पद्धतीत एकाच्या रक्तातला रोग दुसऱ्याला जायची भीती खरी होती, ती विलायतेतल्या डॉक्टरांनाही होती, तिकडेही सक्तीच्या लसीविरुद्ध मोठमोठे मोर्चे निघाले. पुढे वासराच्या अंगावर लस तयार करायला लागले, आपल्या इलाख्यासाठी बेळगावला त्याचं केंद्र होतं, तेव्हा हा अंगावरून अंगावरचा प्रकार थांबला. पण तोपर्यंत दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात चित्र पक्कं बसलं होतं, आणि वासराचं नाव निघाल्यावर वेगळीच कुजबुज सुरू झाली.

आता प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा ओळखला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला, तो जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला वाटेल ते उपाय करायची मुभा आणि चौथ्या कलमात काय, तर चांगल्या हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा लावता येणार नाही. याच कायद्याखाली पुण्यात रँडसाहेबाने गोरे शिपाई घराघरात घातले, देवघरापर्यंत बुटासकट गेले, आजारी माणूस सापडला की उचलून इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या कँपात, सामान जाळायचं, कौलं काढायची. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभं करून काखेत आणि जांघेत गाठ आहे का बघायचे, बायकांनासुद्धा. या एका गोष्टीने लोक जेवढे पेटले तेवढे कशाने पेटले नाहीत. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यानंतर काय झालं ते कोणी सांगत नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली, आणि मग सरकारने हळूहळू हात सैल सोडला. घरझडत्या कमी केल्या, प्लेगची लस ऐच्छिक ठेवली, वैद्य-हकिमांना बरोबर घेतलं. म्हणजे लोकांचा राग सरकारलाही पटण्यासारखा होता.

आपल्याकडे प्लेग रेल्वेच्या वाटेने आला. भुसावळ जंक्शन, तिथून सगळीकडे. लोक गाव सोडून वावरात जायचे हे तुमच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं ना, ते अगदी बरोबर औषध होतं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये दाखवलं आणि डॉक्टर मंडळींना ते पटायला आणखी काही वर्षं गेली. उंदीर पडले की घर सोडायचं हे लोक त्याच्या आधीपासून करत होते. सरकारनेही पुढे तेच सुचवायला सुरुवात केली.

अक्राणीची_वाट

मी धडगाव भागात आरोग्य खात्यात काम करते, सिस्टर म्हणून. वरच्या सरांनी शहरातलं आणि सपाटीवरचं सांगितलं, मी डोंगरातलं सांगते.

सपाटीवर लोकांना सरकार नको तेवढं भेटलं, आमच्या इकडे उलटं, ते आलंच नाही. १८१८ ला खान्देश इंग्रजांकडे गेला आणि पहिली काही वर्षं भिल्लांच्या मागे सातपुड्यात फौजा पाठवण्यात गेली, पण तापाने ती फौजच झोपायची. मग १८२५ ला औट्रॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. डोंगर म्हणजे तापाची जागा, साहेबाने राहायची जागा नाही, हे तेव्हापासून कागदावर बसलं. मग इथे दवाखाना कोण काढणार? दवाखाने निघाले ते कचेरी, जेल, पोलीस लाईन, रेल्वे याच्या आजूबाजूला. डोंगरात सरकार आलं ते जंगल खात्याच्या रूपात. १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानातून लोक मुळ्या, साली, कंद, मोहाची फुलं आणायचे तिथे गार्ड उभा राहिला. त्याच वर्षी अबकारी कायदा पण आला, त्यामुळे मोहाचं सगळंच अडचणीत. आपण म्हणतो लोक झाडपाल्याला चिकटून बसले, अहो झाडपाल्यालासुद्धा परवानगी लागायची.

अशा ठिकाणी भगत किंवा बडवा सोडून होतंच कोण? रात्री दोन वाजता बोलावलं तरी येणारा, आपल्या बोलीत बोलणारा, उधारीवर उपचार करणारा. आजही पाड्यावर ताप आला की आधी तो, मग मी. हे मला सुरुवातीला फार टोचायचं. आता मी सरळ त्याच्या अंगणात जाऊन बसते. एका पाड्यावर लहान बाळाला झटके येत होते, भगताने दाणे टाकून बघितले, मंत्र म्हटला आणि मग स्वतःच बापाला म्हणाला, माझं काम झालं आता सिस्टरकडे ने. बापाने झोळीतून बाळ आणलं, स्लाईडवर रक्त घेतलं, मलेरिया निघाला, औषध सुरू झालं, बाळ वाचलं. भगताने आधी हात लावला नसता तर तो बाप माझ्याकडे आला नसता. मेळघाटात भूमकाने (तिथल्या भगताने) पेशंट दवाखान्यात पाठवला तर त्याला मानधन द्यायची पद्धत सुरू केली होती, मला ती एकदम योग्य वाटते.

मलेरियाचं निघालंय म्हणून अजून एक. १९५३ ला देशात मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरात डीडीटी मारायचे. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी केसेस आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता, १९६५ पर्यंत केसेस एक लाखावर आल्या. एवढं मोठं यश! आणि मग गावात कायमचा माणूस, कायमचा दवाखाना उभा केला नाही, डासांना डीडीटीची सवय झाली, आणि १९७६ ला ६४ लाख केसेस. वरून माणूस येणार, फवारणार, भिंतीवर तारीख लिहून जाणार. इंग्रज गेले तरी काम करायची ही रीत इथेच राहिली.

आणि सर, एक मुद्दा पोरांना जरूर सांगा. आमच्या भिल्ल-पावरा लोकांत सिकलसेल जास्त सापडतो तो याच मलेरियामुळे. ज्याच्यात आई किंवा बाप एकाकडूनच सिकलसेलचा गुण आलाय त्याला जीवघेणा मलेरिया कमी होतो, म्हणून तो गुण पिढ्यान् पिढ्या टिकला. दोन्हीकडून आला की मात्र आजार. डोंगरातल्या तापाचा इतिहास आमच्या पोरांच्या रक्तात आहे आणि त्याची तपासणी आज चालू आहे.

बोरी_काठनी_माय

मनी आजी सांगे भो, मानमोडी उनी व्हती तवय गावमा कोनी कोनाले पानी देवाले बी नई व्हतं. एक मढं मसनमा लई गयात तं मांगे घरमा दुसरं तयार.

ही १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. कोणी फारसं बोलत नाही पण प्लेगापेक्षा माणसं यात पटापट गेली. जूनमध्ये मुंबईत आली, जरा ओसरल्यासारखी वाटली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला दुसऱ्यांदा आली ती गावंच्या गावं झोपवून गेली. त्या वर्षी पाऊस पण दगा देऊन गेला होता. आजीच्या सांगण्याप्रमाणे वावरात होती नव्हती ती बाजरी कापायला हात नव्हते, गुरं सुटी फिरत होती. मरत होते ते म्हातारे नाही, वीस ते चाळीसमधली कमावती माणसं. डॉक्टर म्हणाल तर जे थोडे होते त्यातले कितीतरी लढाईवर गेलेले, कारण पहिलं महायुद्ध चालू. देशात कमीत कमी एक कोटी वीस लाख माणसं गेली असं म्हणतात, काही हिशोबांत याहून बरीच जास्त. १९११ ते १९२१ एवढ्या एकाच दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली.

आजी सांगे की गावात जी काही मदत झाली ती गावातल्याच लोकांनी केली, एका घरून पेजेची पातेली सगळ्यांच्या दारात जायची. सरकारी माणूस तिने बघितलाच नाही. मास्तर, तुमच्या वहीत हे पण घ्या, प्लेगात सरकार घरात घुसलं आणि मानमोडीत दिसलंच नाही. ज्याने हे दोन्ही वीस-बावीस वर्षांत बघितलं तो माणूस सरकारी दवाखान्यावर भरवसा कसा ठेवणार?

चाळीसगावकर_नाशिक

हे फक्त आपल्याकडे नाही. आफ्रिकेत फ्रेंचांनी कॅमेरून आणि मध्य आफ्रिकेच्या वसाहतींमध्ये झोपेच्या आजाराविरुद्ध (माशी चावून पसरणारा जीवघेणा रोग) मोहिमा काढल्या, १९२० नंतर जवळजवळ पन्नाशीपर्यंत. शिपाई घेऊन गावात जायचं, सगळ्यांना रांगेत उभं करायचं, मानेतल्या गाठी तपासायच्या आणि मनाविरुद्ध सुया द्यायच्या. काही औषधांनी लोक आंधळे झाले, काहींचे टोचलेल्या जागी सडून जीव गेले. अलीकडे संशोधकांनी जुने नकाशे काढून पाहिलं, तर ज्या भागात या मोहिमा जास्त झाल्या तिथे आजही लोक साध्या रक्ततपासणीला जास्त नकार देतात. साठ-सत्तर वर्षांनंतर! कुठून आली ही भीती ते आजच्या पोरांना सांगता येणार नाही, पण घरात ती राहिलीय.

आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली ती तर आपल्याच सरकारने केली. माझ्या वडिलांना त्यानंतर कितीतरी वर्षं आरोग्य खात्याची जीप दिसली की अस्वस्थ व्हायचं.

धुळे_डॉक्टर

सगळ्यांचं वाचलं, पुष्कळ पटलं. तरी एक डॉक्टर म्हणून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण हा विषय पोरांपुढे जाणार आहे.

देवी झालेल्या शंभरातले साधारण तीस दगावायचे, वाचले त्यातले काही डोळे गमवायचे. तो रोग आज पृथ्वीवर नाही. देशातली शेवटची केस मे १९७५ ची, १९८० ला जग देवीमुक्त जाहीर झालं. हे टोचण्यामुळेच झालं. ज्या आजीला कणगीतून ओढून काढून टोचलं तिच्या नातवंडांना टोचायची गरज उरली नाही. (शेवटच्या मोहिमेतही काही ठिकाणी रात्री दारं उघडायला लावून टोचलंय, ते मी नाकारत नाही.)

घरच्या रिवाजांत चांगलं होतं ते चांगलं म्हणा. देवी निघालेल्या घरात निंबाचा पाला दाराला लावायचे, फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही, रोग्याला वेगळं निजवायचं. हा बरोबर विलगीकरणाचा नियम आहे आणि लोक तो मनापासून पाळायचे कारण तो त्यांचा होता. पण बाळाचं पोट तापल्या सळईने डागणं हाही रिवाजच होता, ती पोरं मी ड्युटीवर बघितली आहेत. साप चावल्यावर मंत्र टाकत बसून दोन तास घालवणं हाही रिवाजच. आणि एखाद्या घरात मृत्यू झाला की कोणातरी विधवेला डाकीण ठरवून मारणं, याला तर काय म्हणायचं? इंग्रजांनी चूक केली म्हणून आपलं सगळं बरोबर ठरत नाही.

एक उदाहरण देतो. हाफकिन या शास्त्रज्ञाने जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक घाबरले, कारण त्या लसीने खरंच जबर ताप यायचा. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सगळ्यांदेखत लस घेतली तेव्हा खोजा समाजाचे लोक पुढे आले. मग १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी एका बाटलीत दोष निघाला, १९ जण धनुर्वाताने गेले, हाफकिनवर ठपका आला आणि तो पुसला जायला १९०७ उजाडलं. पुढे त्याच्याच नावाच्या मुंबईच्या संस्थेत सर्पविषावरचं प्रतिविष बनायला लागलं, आणि आज कपाशीत साप चावलेला शेतकरी सरकारी दवाखान्यात आल्या आल्या स्वतःहून ते इंजेक्शन मागतो. कोणी सक्ती केली? शेजारचा वाचलेला बघितला, एवढंच.

अक्राणीची_वाट

डॉक्टरसाहेब, डागण्याचं आणि डाकिणीचं तुमचं शंभर टक्के बरोबर, त्यात मी कधी भगताची बाजू घेणार नाही. आमच्याकडे डाकीण म्हणून छळलेल्या बाईचा जबाब घ्यायला मी पोलिसांबरोबर गेले आहे. पण हे बंद करायला गावात रोज राहणारं माणूस लागतं. मोहिमेपुरतं येणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. कोविडच्या लसीला आमच्या पाड्यांवर माणसं रानात पळाली, तुमच्या शिरपूरच्या आजीसारखीच. जिथे आशा ताई त्याच पाड्यावरची होती आणि तिने आधी स्वतःच्या सासूला टोचून आणलं तिथे आठवड्यात रांग लागली.

शिरपूरचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता सहकाऱ्यांना काय सांगायचं ते कळलं. आज पोरांना मी एकच प्रश्न दिला, आजीला विचारा की टोचायला कोण आलं होतं, ओळखीचं होतं का. तापीकाठ सर, आमच्या गावात १९१८ ला किती माणसं गेली हे कुठे सापडेल का? नुसतं ऐकीव नको, कागद दाखवता आला तर पोरांना वेगळंच वाटेल.

तापीकाठ

सापडेल. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. जातपडताळणीसाठी लोक याच्याच नकला काढतात त्यामुळे क्लार्कला लगेच कळेल. सगळ्या गावांची मिळेलच असं नाही, काही वाळवीने खाल्ली, पण अर्ज करून बघा. अर्जात १९१७ ते १९१९ अशी तीन वर्षं मागा, म्हणजे एरवी वर्षाला किती जायचे आणि त्या वर्षी किती गेले हे समोरासमोर ठेवता येईल. जुन्या नोंदी मोडीत असतील, वाचणारा बरोबर न्या.

मी आमच्या तालुक्यातल्या एका गावाचं बघितलंय. १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत पानावर तीन-चार नोंदी, शाई एकसारखी, अक्षर ठाकठीक. ऑक्टोबरमध्ये ओळी एकमेकींना चिकटतात, कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, त्याखाली नुसतंच सदर, सदर, सदर. आणि मधेच अक्षर बदलतं, दुसऱ्याच हाताचं लागतं. लिहिणारा आजारी पडला की गेला ते त्यावरून कळत नाही, पण त्याचं नाव पुढच्या पानांवर शोधा असं पोरांना सांगा.

मृत्यूच्या कारणावर मात्र फार भिस्त ठेवू नका. कारण ठरवायचं काम डॉक्टरचं नव्हतं, ते गावातलं माणूसच ठरवून लिहायचं, त्यामुळे मलेरिया असो, मानमोडी असो की बाळंतरोग, सगळं ताप म्हणून जातं. वय आणि तारीख या दोन रकान्यांवर काम करा. वीस ते चाळीसची माणसं जास्त निघाली तर बोरीकाठच्या ताईंच्या आजीचं म्हणणं कागदावर सिद्ध झालं. नक्कल मिळाली की इथे टाका, मोडी वाचायला मी मदत करतो.